जिने बर्फात पायऱ्या खोदल्या, तिला

प्रिय मैत्रिणी,

तुझं नाव या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. हे पत्र चारचौघांत वाचलं जाणार, आणि कुणाचं नाव त्याला न विचारता असं मांडणं मला बरं वाटत नाही. तू माझ्या मुलीहून लहान, म्हणून एकेरीत बोलते आहे. आमच्याकडे ती आपुलकीची रीत आहे. मुलगी हे इंग्रजीत करून तुला पाठवील. मूळ पत्र मात्र मराठीतच राहू दे. आमच्याकडची पुष्कळ माणसं आता आइसलँडला येतात. हिमनदीवर नवख्या माणसांना चालवायचं आणि धडधाकट परत आणायचं हे केवढं काम असतं, ते त्यांनाही कळावं असं मला फार वाटतं.

मी आणि माझी मुलगी तुझ्यामागून हिमनदीवर चाललो, त्या दिवशी वाऱ्यात धड बोलता आलं नाही, म्हणून आता नीट सांगते. मी वाईला, कृष्णाकाठच्या गावात, शाळेत भूगोल शिकवायचे. 'हिमनदीचे कार्य' हा धडा न चुकता यायचा. फळ्यावर मी हिमगव्हर म्हणजे बर्फाने कोरलेला खळगा काढायचे, शूककूट म्हणजे धारदार कडा काढायचे, यू आकाराची दरी, तिच्या अंगाला लोंबती दरी आणि खाली पार्श्व, मध्य, अंत्य असे हिमोढ, म्हणजे बर्फाने वाहून आणलेल्या दगडमातीचे ढीग. बर्फाला पांढरा खडू, दगडमातीला तपकिरी. समोरच्या मुलांनी बर्फ पाहिलेला असायचा तो जत्रेतल्या गोळेवाल्याकडे. आमच्या कृष्णेत बर्फाचं पाणी थेंबभरही नाही; ती महाबळेश्वरी उगम पावते आणि पावसावर वाहते. एखादं चुणचुणीत पोर विचारायचं, "बाई, हिमनदी वाहते तर तिच्यावर उभं राहिलेल्याला ते कळतं का?" पुस्तकात असेल तेवढं मी सांगायचे. पुढचं सांगायला माझ्याकडे काही नसायचं. ते तू दिलंस, आणि पायाखाली दाखवून दिलंस.

आमच्या वाचकांसाठी जागा कुठली ते सांगायला हवं. सोल्हेमायोकुल ही दक्षिण आइसलँडमधली हिमनदी, रेक्याविकपासून साधारण दीडशे किलोमीटरवर, वीक गावाच्या अलीकडे. तिच्या माथ्यावर मीर्दाल्सयोकुल हा हिमटोप पसरलेला आहे, देशातला चौथ्या क्रमांकाचा, आणि त्या हिमटोपाच्या पोटात कात्ला नावाचा ज्वालामुखी आहे. समुद्रावरून आलेली ओल त्या उंचीवर अडते आणि हिम होऊन पडते. वर्षानुवर्षांच्या थरांखाली दबून त्याचा बर्फ होतो, आणि तो स्वतःच्याच वजनाने उताराला लागतो. सोल्हेमायोकुल म्हणजे त्या हिमटोपातून खाली लोंबलेली एक जीभ. पश्चिम घाटाच्या माथ्यावर मोसमी वारे अडतात आणि महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तर तिथून तासाभराच्या अंतरावरच्या आमच्या वाईत त्याचा पाचवा हिस्साही पडत नाही. हे मी मुलांना नेहमी शिकवलं. तुझ्याकडे तीच गोष्ट घडते, फक्त पावसाच्या जागी हिम.

आता आभारांकडे वळते. पहिले आभार बुटांचे.

गाड्या लावतात तिथे तू आम्हा सगळ्यांना क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दात), हेल्मेट, हार्नेस (दोरी अडकवायला कमरेला बांधायचा पट्टा) आणि आइस ॲक्स वाटलीस, आणि मग एकेकासमोर गुडघ्यावर बसून प्रत्येकाचा बूट तपासलास. घोटा झाकला जातो का, टाच आत उचलली जाते का, क्रॅम्पॉनची लांबी बुटाला बरोबर बसते का. बर्फाच्या कडेला पोचल्यावर क्रॅम्पॉन चढवून झाले, तेव्हा पट्ट्यांची लोंबती टोकं तू स्वतः आत खोचलीस. पुढे अर्ध्या तासाने पुन्हा सगळ्यांना थांबवून तेच सगळं पहिल्यापासून तपासलंस. कुणी तुला तसं करायला सांगितलं नव्हतं. मोकळं सुटलेलं पट्ट्याचं टोक दुसऱ्या पायाच्या दातांत अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो, एवढं एका वाक्यात सांगून तू पुढच्या बुटाकडे वळलीस. मी नोकरीभर वह्या तपासल्या आहेत. शेवटची वहीसुद्धा पहिल्या वहीइतक्याच लक्षाने तपासणारी माणसं मला लगेच ओळखू येतात.

दुसरे आभार चालायला शिकवल्याचे. सह्याद्रीत मी हिंडलेली आहे. आमच्याकडे घसाऱ्यावरून उतरताना आम्ही पाय आडवे टाकतो, अंग डोंगराकडे झुकवतो, वेळ पडली तर बसून सरकतो. तुझ्या बर्फावर यातलं काही चालत नाही. तू सांगितलंस: पाऊल सपाट ठेव, सगळे दात एकदम रुतू देत. दोन पायांत वीतभर अंतर राहू दे. चढताना पावलं फेंगडी टाक. उतरताना गुडघे वाकव, बोटं थेट उताराकडे कर आणि अंग मागे टाकू नकोस. शेवटचं माझ्याकडून होईना. इतक्या वर्षांची अंगवळणी पडलेली सवय ती. तू एका लहानशा उतारावर मला घेऊन गेलीस आणि माझ्या पुढे, माझ्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी उतरत राहिलीस. "पायाला विश्वास बसू दे, घाई नाही," म्हणालीस. बाकीची मंडळी थांबली होती, तरी तुझ्या आवाजात घाई आली नाही. खडीसाखरेसारखा चरचरणारा तो वरचा थर, त्यात दात रुतल्याचा आवाज, आणि मग एका क्षणी पाय खरोखरच धरून राहतो हे आतून कळणं. त्या वयात, त्या जागी, मला कुणी काही नवं शिकवलं आणि ते मला आलं, याचा आनंद केवढा होता हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.

तिसरे आभार पायऱ्यांचे. या पत्राचं मूळ खरं म्हणजे त्या पायऱ्यांत आहे.

एका चढापाशी तू आम्हाला थांबवलंस, मोठी कुऱ्हाड घेतलीस आणि पायऱ्या खोदायला लागलीस. मला वाटलं होतं, रोजची वाट आहे तर पायऱ्याही असतीलच. तू सांगितलंस की उन्हाळ्यात वरचा बर्फ दिवसाला काही सेंटिमीटर उतरतो. काल खोदलेली पायरी आज नुसता उतार झालेली असते. म्हणून तुम्ही मंडळी सकाळी लवकर येता, वाट चालून पाहता, रात्रीत कुठे नवी भेग उघडली, भेगेवरचा कुठला बर्फाचा पूल पातळ झाला ते बघता आणि त्या दिवसापुरती वाट बांधता. संध्याकाळपर्यंत ती पुन्हा वितळू लागते. मला हरिहर गडाच्या पायऱ्या आठवल्या, नाणेघाटातली फरसबंदी वाट आठवली. आमच्याकडे काळ्या कातळात ज्यांनी पायऱ्या खोदल्या, त्यांच्या पायऱ्यांवरून आम्ही शेकडो वर्षांनी चढतो. तुझी पायरी एका दिवसाची. आणि तरीही तू ती मापात खोदत होतीस, आत किंचित उतरती, पाऊल पूर्ण मावेल अशी. खालच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर मला जास्त पडतंय हे तुझ्या लक्षात आलं, तशी तू परत खाली आलीस आणि मध्ये एक पायरी आणखी काढलीस. ती पायरी माझ्यासाठी होती. दुसऱ्या दिवशी ती राहिली नसणार.

कातळाचं निघालंच आहे तर हेही सांगते. हिमनदीच्या कडेचा तो काळा दगड पाहून मला परकं वाटलंच नाही. बेसॉल्ट आहे तो, आमच्या सह्याद्रीसारखाच. आमचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तुमचा त्यामानाने अगदी तान्हा. तुमच्या देशातले जुन्यातले जुने खडकही दीड-पावणेदोन कोटी वर्षांपलीकडचे नाहीत. वीकजवळच्या किनाऱ्यावर दगडाचे सहाकोनी खांब उभे आहेत. तसेच मुंबईत अंधेरीला, गिल्बर्ट टेकडीला आहेत. मी हे सांगितल्यावर तू चालता चालता थांबलीस आणि दोनदा विचारून घेतलंस, ते मला फार आवडलं.

आणि ती राखेची टेकाडं! कमरेएवढी काळी टेकाडं बर्फावर दाटीने उभी होती, आणि आम्हाला सगळ्यांना ती मातीचीच वाटली. तू कुऱ्हाडीच्या टोकाने वरची राख बाजूला केलीस आणि आत स्वच्छ बर्फ निघाला. मग समजावलंस: राखेचा पातळ थर असला तर तो काळा असल्यामुळे ऊन शोषतो आणि खालचा बर्फ लवकर वितळतो. थर जाड असला तर तेच ऊन बर्फापर्यंत पोचत नाही, मग आजूबाजूचा बर्फ खाली जातो आणि राखेखालचा उंच राहतो. एकाच वस्तूची दोन उलटी कामं, आणि फरक फक्त जाडीचा. शेजारीच बोटभर रुंदीची, निळ्या पाण्याने भरलेली भोकं होती. काळ्या धुळीचे चार कण एकत्र येऊन बर्फात खाली उतरलेले. हे माझ्या धड्यात कुठेच नव्हतं. ही राख बरीचशी 1918 च्या कात्लाच्या उद्रेकातली, वर पडली, बर्फात गाडली गेली आणि बर्फाबरोबर वाहत इतक्या वर्षांनी इथे खाली उघडी पडली, असं तू सांगितलंस, तेव्हा त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. उभं राहिल्यावर कळत नाही. पण वर पडलेली वस्तू खाली सापडते, त्यावरून कळतं.

भेगांचंही तसंच. खालच्या खडकाला उंचवटा असला की त्यावरून जाताना बर्फाला ताण पडतो आणि तो वरून फाटतो. भेग पाहून तू पोटातल्या खडकाचा अंदाज सांगत होतीस.

मग ती पाण्याची विहीर. मोठ्या मंडळींनी हात मागे घ्यावेत अशी जागा. वरून वितळलेलं पाणी ओढ्यासारखं येतं आणि एका गोल भोकात, थेट आत, कोसळतं. आत निळं, खाली काळं, आणि आवाज पायातून अंगात येतो. तू आम्हाला लांब थांबवलंस. बर्फात दोन आइस स्क्रू फिरवून घट्ट बसवलेस, एक निसटला तर दुसरा हवा म्हणून दोन. दोरी लावलीस, माझ्या हार्नेसला कॅराबिनर, म्हणजे धातूची कडी, अडकवून ती फिरवून बंद केलीस, स्वतः ओढून पाहिलंस, मला ओढून पाहायला लावलंस आणि मग म्हणालीस, "आता बघ, हवा तितका वेळ." मी बघितलं. माझ्या मुलीने तेवढ्यात फोटो काढला, पण त्यात माझी पाठ दिसते. जे दिसलं ते माझ्याकडेच आहे. भीती वाटत होती, आणि तरी पुढे वाकता येत होतं, कारण दोरीच्या दुसऱ्या टोकाशी तू होतीस. त्या निळ्या रंगाचं कारणही तू तिथेच सांगितलंस: दाबाने हवेचे बुडबुडे निघून गेलेला दाट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो आणि निळा तेवढा आपल्यापर्यंत येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तू नाही म्हणालीस त्याबद्दल.

बर्फाची एक कमान होती. आमच्यातल्या काहींनी तिचे फोटो आधीच पाहिलेले होते आणि ते तिच्यासाठीच आले होते. तू लांबूनच पाहिलंस, पुढे एकटी जाऊन आलीस आणि म्हणालीस, आज तिच्याखाली जायचं नाही. रात्री उबदार पाऊस झाला आहे, कडेने पाणी झिरपतंय, काल होती तशी ती कमान आज नाही. दोघेतिघे नाराज झाले. पैसे भरलेत, लांबून आलोय, एकच मिनिट, असं सगळं झालं. तू आवाज चढवला नाहीस, माफीही मागितली नाहीस. शांतपणे कारण पुन्हा सांगितलंस आणि दुसऱ्या वाटेने घेऊन गेलीस. पुढे कमान पडली की नाही ते मला माहीत नाही, आणि त्याने काही फरक पडत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात धबधब्यापाशी, गडाच्या टोकावर, भरलेल्या ओढ्यात 'एकच मिनिट' म्हणत माणसं जातात आणि त्यांच्या घरच्यांना फोन येतात. म्हणून हे मी ठळक लिहिते आहे. लोकांची नाराजी अंगावर घेऊन नाही म्हणणारी वाटाडी मिळणं हे भाग्य आहे. तू सुट्टीच्या दिवशी बचावपथकात स्वयंसेवक म्हणून जातेस, तुमच्या देशात हे पथक जवळजवळ सगळं स्वयंसेवकांवर चालतं, हे नंतर कळलं तेव्हा तुझ्या त्या शांत आवाजाचा उगम कळला. नदीवरून येणारा गंधकाचा वास तू अधूनमधून थांबून का घेत होतीस तेही तेव्हाच उमगलं. तो वास वाढला तर बर्फाखालून पूर येत असल्याची ती खूण असू शकते; 1999 च्या जुलैमध्ये याच हिमनदीखालून अचानक लोंढा आला होता. ज्वालामुखीच्या तोंडाशी काम करणाऱ्याला नाकही जागं ठेवावं लागतं.

परतताना आपण तळ्याच्या कडेने चाललो. तू पाण्याकडे हात करून म्हणालीस, "शाळेत असताना आम्ही तिथे उभे होतो." मी आधी समजलेच नाही. तिथे तर पाणी होतं, बऱ्यापैकी खोल. मग तू सांगितलंस की ह्वोल्सवोलुरच्या तुमच्या शाळेतली सातवीची मुलं 2010 पासून दरवर्षी शरद ऋतूत या हिमनदीचं टोक मोजायला येतात. मोजपट्टी आणि जीपीएस घेऊन तुमचा वर्गही आला होता. तुमच्या खुणेपासून बर्फ आता शेकडो मीटर मागे गेला आहे, आणि मध्ये हे तळं झालं आहे. 1930 पासून या टोकाच्या नोंदी आहेत. 1969 ते 1995 या काळात ही हिमनदी सुमारे अर्धा किलोमीटर पुढेही आली होती, हेही तू सांगितलंस. मागे जाण्याचाच तेवढा भाग सांगून मोकळी झाली नाहीस. आणि त्यानंतर ती जी मागे निघाली आहे, ती थांबलेली नाही.

तू हे सांगताना रडका सूर लावला नाहीस. आम्हाला अपराधी वाटावं म्हणूनही बोलली नाहीस. मोजलेलं सांगितलंस. मला मात्र गलबलून आलं, ते लपवत नाही. मी ज्या हिमनद्या खडूने काढल्या त्या पुसल्या तरी पुढच्या वर्षी पुन्हा काढता यायच्या. तू तुझ्या वर्गासोबत जिथे उभी राहिलीस ती जागा तुला पुन्हा मिळणार नाही, आणि तरी तू रोज तिथे जातेस आणि आमच्यासारख्यांसाठी पायऱ्या काढतेस. तुमच्या त्या शिक्षकांनाही माझा नमस्कार सांग. बारा वर्षांच्या मुलांना थंडीवाऱ्यात बाहेर नेऊन मोजायला लावायचं, आणि दरवर्षी लावायचं, यामागे किती पत्रव्यवहार, किती परवानग्या, किती पालकांच्या शंका असतात, ते मला एका शिक्षिकेच्या नात्याने पुरतं ठाऊक आहे.

निघताना तू विचारलंस, तुमच्याकडे मुलं काय मोजतात? गाडी सुटत होती, उत्तर अर्धवट राहिलं. आमच्या शाळेत पर्जन्यमापक आहे. जून ते सप्टेंबर रोज सकाळी साडेआठला मुलं त्यातलं पाणी मोजतात आणि फळ्यावर आकडा लिहितात. धोम धरणाची पातळी वर्तमानपत्रातून उतरवून घेतात. माझ्या जागी आलेल्या बाईंना मी तुझ्या शाळेचं सांगितलं आहे. त्यांना तुमच्या मापांचा तक्ता आमच्या आकड्यांशेजारी लावायचा आहे.

इथून जाणाऱ्यांना एवढंच सांगते: सुती कपडे नकोत, लोकरीचे घ्या, वरून पाणी न शिरणारी विजार आणि जाकीट, घोटा झाकणारे टणक बूट. आणि वाटाड्याशिवाय बर्फावर पाय ठेवू नका, तो कितीही सपाट दिसला तरी.

तू कधी भारतात आलीस तर वाईला ये. सप्टेंबरात आलीस तर कासच्या पठारावर फुलं असतील, डिसेंबरात आलीस तर हरिहर चढू. तिथे मी पुढे राहीन आणि तू माझ्या मागे. राहायला आमचं घर आहे, आणि जेवणाची काळजी तू करायची नाहीस.

या वर्षीचं माप झालं की मला नक्की कळव. तक्त्यात त्याची जागा रिकामी ठेवायला सांगितली आहे.

तुझी,
वाईच्या भूगोलाच्या बाई